काचेतला धाकटा

६ जुलै, रविवार
टिलबर्गला आलो एकदाचा. आल्मेरे सोडलं, त्याआधी द हेगमधलं हॉटेलातलं काम. ताई म्हणते, तुझ्या बॅगेची चेन पूर्ण लागलेली मी कधी बघितलीच नाही. इथे बुटांच्या गोदामात काम आणि पोटमाळ्यावर स्वतःची खोली. खिडकीतून चर्चवरचा लोखंडी कोंबडा दिसतो. खाली दोघं पोलिश राहतात, पण त्यांची पाळी वेगळी. फक्त त्यांच्या सायकली भेटतात.

१३ जुलै, रविवार
सायकलची सीट आणायला निघालो आणि वाटेत सापांच्या बाजारात शिरलो. मोठा हॉल, श्रीखंडाचे असतात तशा डब्यांत साप. विकणाऱ्या बाईंनी नीट समजावलं. पहिलाच असेल तर कॉर्न स्नेक घ्या, बिनविषारी, स्वभावाने गरीब. डोळे स्वच्छ हवेत, आणि समोर उंदीर खाऊन दाखवायला हवा. त्यांनी दोन दाखवले. मी तिसरा घेतला. तो खात नव्हता, डोळे दुधाळ होते. कात टाकायच्या आधी असं होतं, तोवर थांबा, हात लावू नका, असं म्हणाल्या. पण तो माझ्याकडे तोंड करून बसला होता. माझ्याकडे तोंड करून असं बऱ्याच दिवसांत कोणी बसलं नव्हतं.

१५ जुलै
काचेची पेटी, एका कडेला खालून ऊब, दुसरी कडा गार. लपायला करवंटी. झाकणाला बाहेरून चार खटके. त्याला गळ्यात घेऊन फोटो काढला, ताईला पाठवला. आधी किंचाळली, मग त्याचं नाव धाकटा ठेवून मोकळी झाली. म्हणाली, चला, दोघांतला एक तरी भाऊ एका जागी बसेल.

२० जुलै, रविवार
धाकट्याने कात टाकली. अख्खी, मोजा काढावा तशी उलटी, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. उंदीर मात्र अजून नको म्हणतो. ताईने फोनवर आधी त्याची चौकशी केली, मग माझी.

२९ जुलै, नागपंचमी
काल ताईने भावासाठी उपास धरला. दरवर्षी धरते. आज पाटावर नाग काढायचा कंटाळा केला आणि आमचा तोच फोटो पुजला. म्हणाली, एका उपासात दोन भाऊ उरकले. पूजेचं चित्र पाठवलं. कुंकू त्याच्या डोक्यावर लागलंय, माझं कपाळ कोरडं. ताई म्हणाली, बोट घसरलं रे.
मीही पेटीत वाटीभर दूध ठेवलं. साप दूध पीत नाहीत, माहीत आहे. सण म्हणून ठेवलं. कामावरून आलो तर वाटी चाटून पुसून स्वच्छ.

३१ जुलै
खटके उघडे. मी लावले होते. धाकटा माझ्या गादीवर, डोकं उशीवर. परत आत ठेवला. मला भूक नाही, डबा तसाच घरी आणला.

३ ऑगस्ट, रविवार
ताईचा फोन आला नाही म्हणून मी केला. म्हणाली, सकाळी तर तासभर बोललास. किती छान बोललास, एकदाही विषय सोडून भलतीकडे गेला नाहीस.
सकाळी मी गोदामात होतो. फोन खोलीवर राहिला होता.

५ ऑगस्ट
डोळ्यांपुढे दुधाळ. हातातल्या स्कॅनरवरचे आकडे दिसेनात, घरी पाठवलं. कोपरापाशी कातडी सुटतेय. ओढली तर — दुखत नाही. नुसतं उबेला पडून राहावंसं वाटतं.

८ ऑगस्ट
काल रात्री सगळी निघाली. अख्खी. खुर्चीवर ठेवली होती — आता नाही. माझा शर्ट नाही, बूट नाहीत. पेटी रिकामी, झाकण उघडं. जिन्यावरून कोणीतरी खाली गेलं. माझ्यासारखं, दर दुसरी पायरी गाळत —

१० ऑगस्ट, रविवार
मी पेटीत मावतो. वहीसुद्धा. पेन फार जड. खटके लागल्याचे आवाज मोजले — चार.
फोन वाजला. त्याने घेतला. आवाज माझा. ताई विचारतेय, धाकटा जेवतो का. तो म्हणतो, नाही, डोळे दुधाळ झालेत, सध्या हात लावायचा नाही.
ताईला हाक मारायची आहे — जीभ नुसती बाहेर येते, आत जाते —
ताई म्हणते, दाखव ना. त्याने फोन काचेला लावला. ताईचा चेहरा, अंधुक. ताई, मी — ती हसतेय. म्हणतेय, अय्या, बघ, हा तर माझ्याकडेच तोंड करून ब