मधल्या बाकावरच्या मिस्टर पेनरोजना

टूनगॅबी, सिडनी, कोविड लॉकडाऊनमधला रविवार

डिअर मिस्टर पेनरोज,

तुम्हाला जाऊन शंभर वर्षं झाली, त्यामुळे हे पोस्ट करायचा प्रश्नच नाही. मी कौमुदी. युनीत तुमच्यावर थीसिस लिहितेय: दोन मोठ्या पक्षांमध्ये बसलेला तिसऱ्या पक्षाचा एकटा आमदार. तुमच्या विधानसभेत मत द्यायचं म्हणजे उठून या नाहीतर त्या बाजूला जाऊन बसायचं. तुम्ही दर वेळी हळूच बाहेर सटकायचात. मला ते भारी वाटायचं.

आज आमच्या किचनमध्ये मतदान होतं. भाड्याचं घर शेअर करणारे आम्ही तिघंच. सुखदा वेस्टमीड हॉस्पिटलात कोविड वॉर्डवर नर्स आहे आणि प्रणवला दमा आहे.

तो सुखदाला म्हणाला, "सॉरी मेट, पण तू दुसरीकडे राहा."

"कुठे राहू रे? खोलीसाठी फोन केला आणि नर्स म्हटलं की लोक फोन ठेवतात."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. 'चहा ठेवू का?' अगदी ओठांवर आलं होतं. प्रणवचंही चुकत नव्हतं ना.

मी उठले आणि सुखदाच्या बाजूच्या खुर्चीत बसले.

"लांब सरक, बावळट! मास्क कुठंय तुझा?" म्हणाली आणि रडायला लागली.

म्हणजे सुखदा राहणार. प्रणव खोलीत गेलाय. त्याचं ताट मी दाराबाहेर ठेवलंय. अजून तसंच आहे.

आता मध्ये नसलेली,
कौमुदी