खिडक्या मीच लावल्या होत्या

मंगळवार, ९ मार्च २०२१, संध्याकाळ

होस्टेलवर चार पोरी कोरोना पॉझिटिव्ह आल्या आणि सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, "त्या पुण्याच्या शाल्मलीनंच आणला की!" मीही मान डोलावली. मी मायक्रोबायोलॉजीची, म्हणून कोण कुणाला भेटलं याची यादी रेक्टर मॅडमनी मलाच करायला दिली.

यादी केली. शाल्मली आल्यापासून एकटीच जेवते. चौघींचं जुळतंय ते एकाच ठिकाणी, शनिवारी, माझ्या खोलीत. मुरगूडहून आईनं मटणाचा डबा पाठवलेला. होस्टेलवर मटण चालत नाही, म्हणून वास बाहेर जाऊ नये यासाठी मीच खिडक्या लावल्या. दाराच्या फटीत टॉवेलसुद्धा कोंबला. वर्गात मास्क न काढणाऱ्या आम्ही पाचजणी दोन तास तिथं खिदळत बसलो.

पण आणला कुणी? खिडक्या, खिडक्या... आणि एकदम आठवलं. पहिल्याच घासाला मी म्हणाले होते, "आईनं आज मसालाच घातला न्हाय." चौघींतली सुप्रिया म्हणाली, "येडी हायस काय? नाक झोंबायलंय माझं!"

आत्ता आईच्या कांदा-लसूण चटणीची बरणी नाकाशी धरली. काहीच वास नाही.

बरं. यादीत सगळ्यात वर माझं नाव लिहिलं, कारणासकट. मॅडम मटणावरून ओरडतील, ओरडू देत. उद्या टेस्ट. आता खिडक्या सताड उघड्या आहेत.

शाल्मलीला फोन करून सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "मटण होतं, आणि मला बोलावलं नाहीत?"