हरणीचं पाचवं पिल्लू

१२ नोव्हें., बुध.
पुजे, दिवाळीला वही दिलीस. म्हनलीस, "आज्जे, रोज दोन ओळी सांग, आई लिहील, मी रोज फोन करून आठवन करीन." वीस दिस झाले, फोन एक न्हाई. चष्मा इथं इसरलीस, चार्जर इसरलीस, आता आजी बी इसरलीस. मला अक्षर येत न्हाई, पर इसराया बी येत न्हाई.

तर आज. आपल्या हरणी कुत्रीची पाची पिल्लं सहा आठवड्यांची झाली. तीन नर, दोन माद्या. मेंढरांच्या वाड्यात कोकरांच्या अंगाला अंग लावून झोपत्यात. तुझा बाप मेंढरं घेऊन देवळाली प्रवराकडं गेलाय, ऊस तुटलेल्या रानात खतासाठी बसवायला. घरी मी, तुझी आई, आन् इलेल्या मेंढ्या. गोड चाललंय.

१५ नोव्हें., शनि.
फोन आला एकदाचा. माझी खुशाली इचाराया न्हाई. दिवाळीत काढलेला व्हिडिओ लोक लई बघायलेत म्हनं. त्यात तू पिल्लू मांडीवर घेऊन बसलीस, मी मानगुटीला धरून उचललं, कोकरांत सोडलं आन् म्हनले, "लाड करायचे तर नवरा बघ, माझं पिल्लू नासवू नको." एवढंच.

"लोक तुला ब्रीडर म्हणतायत आज्जे," म्हनलीस. मी म्हनले, म्हनू दे की.

१६ नोव्हें., रवि.
गिरणीत दळाण टाकताना चार बायांना सांगितलं, पुन्यात मला ब्रीडर म्हनत्यात. एकीनं इचारलं म्हंजे काय? म्हनले, लीडरसारखं आसतंय, पर जनावरांतलं. बायांनी वाट दिली. आज माझं पीठ पहिल्यांदा निघालं.

१८ नोव्हें., मंगळ.
तुझ्या आईनं सांगितलं ब्रीडर म्हंजे पैशासाठी कुत्रीला पिल्लं काढाया लावनारा, शिवी हाय. दोन दिस हसत हुती, सांगितलं न्हाई! (आत्या इतक्या खूश होत्या, मला सांगवेना. — सुनंदा)

मग मी म्हनले, वाच काय काय लिवलंय. एकानं लिवलं, दगडाच्या काळजाची म्हातारी. एकीनं लिवलं, कुत्रीचं मशीन केलंय.

दगडाचं सोड. मानसाचा लळा लागलेलं कुत्रं लांडगा आला की मेंढरं सोडून चुलीपाशी पळतं. पिल्लाला मेंढरूच आईबाप वाटलं पायजे. म्हनून हात लावायचा न्हाई, नाव ठेवायचं न्हाई. कळपाबरं गेलं की ठेवायचं.

पर मशीनचं डोक्यात राह्यलं. माझ्या सासूच्या टायमाला कुत्री दर माजाला ईत हुती. नर ठेवायचे, माद्या पाटीत घालून ओढ्यापलीकडं. कोन न्यायचं? नवी सून. म्हंजे मी. दोनदा नेल्या. तिसऱ्या बारीला पाटी भरलेलीच माघारी आनली. सासू आठ दिस बोलली न्हाई. लई निवांत गेले ते आठ दिस.

हरणीला मी दोन वर्सांत एकदाच इऊ देती. आता ही तिची शेवटची खेप. ऑपरेशनचं डॉक्टरला सांगून ठिवलंय.

तरी त्या बाईनं अगदीच खोटं लिवलं न्हाई.

२० नोव्हें., गुरू.
पलीकडच्या वाडीचा बिरू पिल्लू न्यायला आला. त्याच्या कळपाची लोकर मुठीत घेऊन आला, पिल्लाला वास वळखीचा व्हावा म्हनून तसंच यायचं आसतंय. लोकर पिल्लाखाली टाकली, पिल्लू वास घेऊन तिच्यावरच झोपलं. म्हनले, ने.

जाता जाता बिरूनं पाचव्या पिल्लाकडं बोट केलं. ही बारकी मादी. "आजी, हिचं काय करायचं? कामाची न्हाई ही."

खरंच न्हाई. कोकरानं नुसतं शिंकलं की ही दाराशी. एडका दिसला की मुततीय. रानात नेली तर लांडगा लांब, मेंढराच्या पायाखालीच मरंल.

म्हनले, "बिरू, तू तरी लहानपनी कुठं कामाचा हुतास?"
हसला. पर बोलनं टाळलं मी.

(लिहायला सांगितलं नाही, तरी लिहिते. आत्या हिला "बाय" म्हणतात. सकाळी चुलीपाशी मांडीवर घेतात. मी आले की खाली सोडून खोकतात. — सुनंदा)

२३ नोव्हें., रवि.
पुजे, तुझी हापिसातली मैत्रीन त्या बारक्या मादीला बघाया येऊन गेली. नेहा. गाडीत बसूनच इचारलं, "ही प्युअर देशी आहे ना, आजी?"
"माझं तरी कुठं सर्टिफिकेट हाय बाई?"

तू फोनवर बोलून गेलीस, मशीनचं हिनंच लिवलेलं. म्हनून चहा देताना म्हनले, "बघून घे मशीन. ते बघ, उन्हात झोपलंय." पोरगी लालभडक. सॉरी म्हनली. मला आवडली, पर तिला कळू दिलं न्हाई.

"ठिवणार कुठं?"
"फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर."
"दिसभर कोन आसतंय?"
"आम्ही दोघं ऑफिसला. पण कॅमेरा आहे घरात."
"मग कॅमेराच पाळा की."

तवा ती हळूच म्हनली, "मग आजी, इथं तिचं काय होणार?"

मी तिच्या कपात आनखी चहा वतला.

मग तीच म्हनली, ऑपरेशन करून घेऊ, पिल्लं होऊ देणार नाही. ते मात्र बराबर. बुजऱ्या मादीचं वाण पुढं न्यायचं नसतंय, हे तिला कुनी शिकवलं न्हाई तरी कळतंय.

उठता उठता म्हनली, घरी सासूबाई असतात, पण त्या कुत्र्यांना घाबरतात.

"आगं, मग हे आधी सांगायचं! दिसभर बायबरं बसनार ती. तिला आन. पिल्लू दाखवून झालं, आता सासू दाखव."

रिकाम्या हातानं गेली बिचारी.

२५ नोव्हें., मंगळ.
तुझ्या बापाचा, दत्तूचा फोन. उसातनं बिबट्या आला हुता. आपला काळ्या, हरणीचा मागच्या खेपंचा, आडवा गेला. मेंढरू एक बी गेलं न्हाई. काळ्याचा कान फाटला, टाके घातलेत, खातुया.

आनंद झाला. मग वाटलं, त्याला जल्माला घातलं ते यासाठीच की. कान आमच्यासाठीच फाटला. तसं सांगायला गेले तर सुनंदाचा पेन थांबला.

हरणी कान चाटत बसली हुती. बायचा.

बायला इथंच ठिवावं का? सुनंदा म्हनती ठेवा. पर इथं रिकामं कुनी बसत न्हाई. बिरू परत यील, इचारंल. शेजारी हसत्याल, म्हातारीनं कुत्रं नासवलं. ते खरंच हाय. लळा मीच लावला. दुसऱ्यांना शानपन शिकिवलं आन्...

२८ नोव्हें., शुक्र.
पुजे, तुझा निरोप मिळाला. ती सासू रविवारी येतीय. तिनं बी अट घातलीय म्हनं, "कुत्री बांधून ठेवा, मी लांबूनच बघणार." तुला राग आला. मला न्हाई आला. जी भीती सांगून टाकती, ती फसवत न्हाई. बाय बी लांबूनच बघती सगळ्यांना.

हरणीला बांधते, काय हरकत न्हाई. बायला बांधनार न्हाई. दोघी भितऱ्या कशा जवळ येत्यात, का न्हाईच येत, ते मला ओट्यावर बसून बघायचंय. पिल्लू गाडीत बसंल का न्हाई, आत्ता मला इचारू नको. रातीपतूर एक ठरवते, सकाळी दुसरं.

नेहाला आजच फोन कर, इसरू नको. ते पिशवीतलं कुत्र्याचं खाणं आनू नको म्हनावं. बिरूनं लोकर आनली तशी सासूच्या हातच्या दोन चपात्या पाठव म्हनावं, तूप लावू नको. एक बायला, एक मला. माझी मऊ आसू दे, दात न्हाईत.