चाकाचं स्टूल

मंगळवार, संध्याकाळ, देऊळगाव राजा

टाळ्या काय घेतल्या बे आज! शेडनेटमध्ये वाकून मिरचीच्या फुलांना पराग लावणाऱ्या बायांना आमच्या बियाणे कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, चाकाची स्टुलं दिली. काम झपाट्यानं व्हायला लागलं. आता तेच स्टूल कंपनी बाजारात विकणार. सकाळच्या मीटिंगमध्ये एवढं मांडून गप्प बसायचं ना? पण मीच पुढे म्हणालो, "बायांचा वेळ उरतो, तर त्यांना रोजच्या मिरचीच्या ओळी वाढवून देऊ." साहेब खूश.

परतताना शेडनेटमधल्या शांताबाईनं त्याच स्टुलावरून हाक मारली. "साहेब, आता पाठ दुखत नाही. काम बी लवकर उरकते. दिवसाउजेडी घरी जाता येते."

"चांगलं झालं," म्हणालो. तिला वाढीव ओळींचं सांगितलं काऊन नाही मी? तिचा तो उजेड मी सकाळीच विकून आलो होतो.