देव्हाऱ्याशेजारची पुरचुंडी

आई,

समोरच्या काकी परवा घर सोडून मुलुंडला लेकीकडे राहायला गेल्या. तू असतीस तर टेम्पोत काय काय चढतंय ते दाराच्या भोकातून बघत उभी राहिली असतीस, आणि मी त्यांच्या गुडघ्यांचं कारण सांगितल्यावर म्हणाली असतीस, "गुडघे काय आज दुखाक लागले? लेकीन घर नावार करून घेतला असतला." तुला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तुझी वाक्यं मला अशी तयार मिळतात. खरं सांगायचं तर हे वाक्य आधी माझ्याच मनात आलं आणि मग मी ते तुझ्या नावावर खपवलं. दाराच्या भोकातून बघत मीच उभी होते. पण हे पत्र टेम्पोबद्दल नाही. जायच्या आदल्या आठवड्यात काकी माझ्या स्वयंपाकघरात येऊन एक वस्तू देऊन गेल्या. तिच्याबद्दल तुला विचारायचं आहे, आणि विचारायला तू नाहीस म्हणून लिहायला बसले आहे.

आपण या घरात आलो तो दिवस आठवतो का? वाकोल्याची खोली पाडली गेली आणि आपण एकदम पवईच्या तळ्याकाठी आलो. नातेवाईक बघायला यायचे आणि खिडकीशी उभे राहून म्हणायचे, नशीब काढलंत हो, काय झकास पाणी दिसतंय. तू चहा देऊन बाजूला व्हायचीस आणि ते गेल्यावर म्हणायचीस, "ह्या पाण्याचा काय खरा नाय. भरती नाय, ओहोटी नाय. समुद्र कसो, येताना सांगता, जाताना सांगता. हा नुसता गप बसून ऱ्हवता." गप बसणारं पाणी आणि गोड बोलणारं माणूस यांच्यापासून तू सारख्याच अंतरावर राहायचीस. काठावर मगरींपासून सावध राहण्याची पाटी तू पहिल्यांदा वाचलीस तेव्हा तुझा चेहरा केवढा खुलला होता. दोन दिवस तू आनंदात होतीस. तुझा संशय कोणीतरी सरकारी पाटीवर लिहून दिला होता ना!

आता ते तळं आपल्या खिडकीतून फार दिसतही नाही. मध्ये दोन टॉवर आले आहेत आणि त्यांच्यामधून पाण्याची एक पट्टी उरली आहे, तीही जलपर्णी वाढली की हिरवी होते आणि मैदानासारखी वाटते. सकाळी काठावर चालायला येणाऱ्या माणसांची गर्दी असते. कानात काहीतरी खुपसून सगळे सरळ समोर बघत चालतात. गेटवर आता मोबाईलवर परवानगी विचारल्याशिवाय कोणी आत येत नाही, लिफ्टमध्ये कॅमेरा आहे, जिन्यात कॅमेरा आहे. तुला ही सोसायटी आता फार आवडली असती. तू एकटी करायचीस ते काम आता सगळे मिळून करतात.

तुझ्या संशयाची सुरुवात मला माहीत आहे, निदान तू सांगायचीस ती. वाकोल्याला असताना तू एकदा शेजारणीकडे चावी ठेवून गावी गेलीस आणि परत आलीस तर तांब्याची हंडी गायब. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, "अगो, ती कल्हईवाल्याकडेच ऱ्हवली असतली, तूच दिलेलंस." त्यांच्या या वाक्यावर तू दरवेळी दोन दिवस अबोला धरायचीस. त्यानंतर चावी कोणाकडे ठेवायची नाही, हा आपल्या घराचा कायदाच झाला. तुम्ही दोघं कामावर जायचात, म्हणून ती चावी माझ्या गळ्यात आली. माझ्या वेणीच्या लाल रिबिनीचा तुकडा कापून तू तिला बांधलास. चौथीत असताना मला खेळायला जायचं होतं आणि रिबीन गळ्याला काचत होती, म्हणून मी ती चावी शेजारच्या मावशींच्या खुंटीला अडकवून गेले. तू कामावरून आलीस ती मला अजून दिसते. तू मारलं नाहीस. गॅलरीत सगळ्यांसमोर उभं केलंस आणि विचारलंस, "घर कोणाचा?" मी म्हटलं, आपलं. "मग चावी कोणाकडे?" मला उत्तर येत होतं पण रडू त्याच्या आधी आलं. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला खाऊ दिला होता, आणि त्यांच्याकडे मी नंतर कधी मान वर करून बघू शकले नाही.

म्हणून तर दहा वर्षांपूर्वी तुला घेरी येऊ लागली आणि मी म्हटलं की समोरच्या काकींकडे एक चावी ठेवू या, तेव्हा तू तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मी सकाळी सातला सांताक्रूझच्या शाळेसाठी निघायचे ती दुपारी यायचे. काकी आयुष्यभर इस्पितळात नर्स म्हणून राबलेल्या, दिवसभर घरात, दार समोरासमोर. याहून चांगला माणूस कुठून आणणार होते मी? अबोला धरण्याआधी तू एवढंच म्हणालीस, "चाय पियाक येतत आणि घर बघून जातत." मी चिडले. शाळेत मुलांवर ओरडते तशी तुझ्यावर ओरडले. म्हटलं, उद्या आत पडलीस तर मी काय करू, भिंतीतून येऊ? चौथ्या दिवशी तू स्वतःच म्हणालीस, बरं, देते. पुलाखालच्या चावीवाल्याकडून करून आणलेली नवीकोरी चावी मी तुझ्या हातात ठेवली. तू तुझ्या पद्धतीने ती जुन्या धोतराच्या तुकड्यात घातलीस, त्यात सुपारी, हळदकुंकू, दोन तांदूळ, आणि अशी घट्ट गाठ मारलीस की सोडायला दात लागावेत. गावाला कोणाच्या हाती ठेव द्यायची तर अशीच द्यायची, असं मला सांगितलंस. मग आपण दोघी समोर गेलो. तू पुरचुंडी काकींच्या ओंजळीत ठेवलीस आणि म्हणालीस, "गरज लागली तरच सोडा. नायतर गाठीक हात लावू नका." काकींनी ती डोळ्यांना लावली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगली. मला इतकं हलकं वाटलं होतं त्या दिवशी. वाटलं, आईने आयुष्यात एकदा तरी कोणावर विश्वास टाकला. दिवसा आतून कडी लावायची नाही, नुसतं लॅच ओढायचं, हेही तू कबूल केलंस.

मग तो दिवस. काकींनी सांगितलेलं असं, की साडेदहाला आपल्या घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. तू तीन शिट्ट्यांना गॅस बंद करणारी. चौथी झाली, पाचवी झाली, सातवीला त्या उठल्या. बेल वाजवली, दार ठोठावलं, मला फोन केला. मी वर्गात होते, फोन स्टाफरूममध्ये पर्समध्ये वाजत होता. मी पोहोचले तेव्हा आपलं दार फोडलेलं होतं, चौकटीच्या ढलप्या जिन्यापर्यंत उडाल्या होत्या, सुतार आपली हत्यारं गोळा करत होता, आणि तुला घेऊन गेले होते. कडी लावलेली नव्हती, तेवढं तू ऐकलं होतंस. नुसतं लॅच. सुतार मिळून दार तुटेपर्यंत तास गेला. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर सांगता आलं असतं. मी काकींना इस्पितळातच विचारलं, "चावी होती ना तुमच्याकडे?" त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाल्या, "माझंच चुकलं गं."

या एका वाक्यावर मी नऊ वर्षं काढली. चुकलं म्हणजे काय? चावी हरवली होती? कामवालीच्या हाती दिली होती? की त्या वेळी त्या घरात नव्हत्याच, तळ्यावर फिरायला गेल्या होत्या, आणि त्या सात शिट्ट्या नंतर रचून सांगितल्या? मी शेजारी चौकशी केली, वॉचमनलाही विचारलं, त्याला काही आठवत नव्हतं, आणि मला वाटलं त्यालाही पढवून ठेवलंय. तुझ्या तेराव्याला त्या आल्या तेव्हा मी त्यांच्या हातचं ताट घेतलं नाही. पुढे जिन्यात भेटल्या तर हो-नाही इतकंच. दिवाळीला त्या फराळाचं ताट पाठवायच्या, मी ते वॉचमनला देऊन टाकायचे आणि ताटात साखर घालून परत करायचे, कारण ताट रिकामं पाठवू नये हे तूच शिकवलेलं. नातेवाइकांना तर मी सरळ सांगितलं, चावी असून बाईने दार उघडलं नाही. वाईट याचं वाटतं की असं सांगताना मला आतून बरं वाटायचं. मीच तुला चावी द्यायला लावली होती ना. दोष समोरच्या दाराआड ठेवला की माझं घर स्वच्छ राहायचं.

आणि गेल्या आठवड्यात काकी काठी टेकत आल्या. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या, जिथे तू बसून शेंगा सोलायचीस तिथेच. ती पुरचुंडी त्यांनी ओट्यावर ठेवली. "तुझ्या आईची आहे. मुलुंडला नेऊन मी काय करू?" गाठ सुटलेली आणि पुन्हा सैल बांधलेली. मी उघडली. सुपारी, काळी पडलेली हळद, आणि लहानशी पितळी चावी, कडीकुलपाची. तिला लाल रिबिनीचा तुकडा. मला एका क्षणात गळ्याला तो काच जाणवला. वाकोल्याची चावी! ज्या खोलीची भिंतसुद्धा शिल्लक नाही तिची. तुझीच मुलगी मी, पहिला विचार आला तो हाच, की बाईने बदलली असणार. मग कळलं, वाकोल्याची चावी ती कुठून आणणार?

"मी गाठ सोडली तेव्हा पाहिली," काकी म्हणाल्या. "तरी लावून बघितली गं. वेडी झाले होते, दोनदा-तीनदा लावली. ती त्या भोकात जाते कुठे?"

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तू आईसाठी रडत होतीस. आणि मी येऊन म्हणू, तुझ्या आईनेच खोटी चावी दिली? म्हटलं, माझ्यावर रागव. मी समोरच आहे, कधीतरी जाईल राग. तिच्यावर रागावून तू कुठे जाणार होतीस?" मग त्याच पुढे म्हणाल्या, "चुकून गेली असेल यार, म्हातारं माणूस." ऐंशीच्या घरातल्या बाईने मला यार म्हटलं आणि मी ओट्याला धरून रडायला लागले. त्यांच्या पाया पडले. नऊ वर्षांच्या फराळाची माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं, नुसतं "काकी, काकी" म्हणत राहिले.

चुकून गेली नाही, आई. त्या गेल्यावर मी तुझी पेटी काढली. तुझ्या चष्म्याच्या डबीत, चष्म्याखाली, पुलाखालच्या चावीवाल्याची ती नवी चावी होती. अजून चकाकते. म्हणजे तू माझ्यासमोर पुरचुंडी बांधलीस, तांदूळ घातलेस, हळद लावलीस, आणि माझ्या डोळ्यांदेखत मला फसवलंस. मला तुझा राग आला आहे. इतका, की दोन दिवस तुझ्या फोटोसमोर दिवा लावला नाही. हंडी कल्हईवाल्याकडे राहिली होती ना? खरं सांग. एका हंडीपायी तू तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्या माणसांना चोर ठरवलंस आणि शेवटी फरशीवर एकटी पडून राहिलीस, समोरच्या दारात एक नर्स हातात तुझी चावी घेऊन उभी असताना. आत पडल्या पडल्या तुला ती खुडबूड ऐकू आली का? नऊ वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता, आता तो जात नाही.

निघताना काकी दारात थांबल्या. आपल्या बाजूच्या घरात एक तरुण जोडपं आलं आहे, लग्न झालेलं आहे की नाही कोण जाणे, दाराला दोघांची दोन आडनावं. पावसाळ्यात मला लिफ्टमध्ये चक्कर आली तेव्हा त्या मुलीनेच मला घरी आणून बसवलं, लिंबूपाणी दिलं, आणि म्हणाली, "आँटी, एक चावी आमच्याकडे ठेवा ना." दुसऱ्याच दिवशी मी पाकिटात घालून, चिकटपट्टी लावून दिली. काकींना हे ठाऊक होतं. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "त्या पोरीला चावी दिलीस ना गं? खरी?" आणि हसल्या. मी पण हसले. म्हटलं, "खरी, काकी."

हे पत्र घडी करून मी तुझ्या चष्म्याच्या डबीत ठेवणार आहे, तिथे आता जागा आहे. आई, पाकिटात मी दिली ती तुझ्या लोखंडी कपाटाची चावी आहे. तुझं बिंग फुटायच्या तीन महिने आधीच दिली होती, मला कोणी शिकवलं नव्हतं. खरी चावी या क्षणी माझ्यासमोर टेबलावर आहे. बाजूच्या घरात ती मुलगी आली आहे, मिक्सर लावलेला ऐकू येतोय. सकाळी नेऊन देईन. कालही मी असंच म्हटलं होतं.