फॉर्म्युल्यात नसलेले दोन मिलिमीटर

५ जून २००६, सोमवार
शाळेच्या कपाटांची ऑर्डर आली. एकशेवीस नग. सॉफ्टवेअरमध्ये रुंदी, उंची, खोली टाकायची, की फळ्या, दारं, पाठ, सगळ्यांची मापं आपोआप. फळी = रुंदी − २ × जाडी. प्लायची जाडी १८, एकदाच लिहिली. तीन महिन्यांत एक फळी चुकलेली नाही. गुम्मिडिपूंडीच्या या फर्निचर कारखान्यात मला ‘कंप्यूटर सार’ म्हणतात. डोक्यात हवा गेलीय, कबूल.
मालकांनी चहा पिता पिता विचारलं, "मग षण्मुगमची गरज आहे का?" षण्मुगम म्हणजे आमचे मेस्त्री. पंचवीस वर्षं लाकडात. मी म्हटलं, "तशी नाही."

७ जून, बुधवार
रोज मापांची प्रिंट न्यायला मेस्त्री वर येतात. आज दुसराच माणूस आला. मेस्त्रींना काल घरी बसवलं म्हणे. कायमचं! मला वाटलं होतं, फार तर पॉलिशवर पाठवतील. वेस्ट मांबलमला, मी राहतो तिथल्या मेसमध्ये, नुसता भात चिवडला. आईचा फोन आला, तिला शाळेच्या ऑर्डरचंच सांगितलं.

१२ जून, सोमवार
फळ्या कपाटांत जाईनात. एकही नाही!
धावत खाली गेलो, स्वतः टेप लावली. फळी ५६४, यादीप्रमाणे. आतली जागा ५६२. दोन्ही बाजूंच्या प्लायला आतून एकेक मिलिमीटर लॅमिनेट चिकटवलेलं. ते मी धरलंच नव्हतं. ट्रेनिंगमध्ये तयार बोर्ड होता, लॅमिनेट जाडीतच मोजलेलं. इथं प्लाय आणून वर चिकटवतात, रोज डोळ्यांसमोर. आंधळा मी.
पण मग तीन महिने फळ्या बसल्या कशा?

१३ जून, मंगळवार
करवतीजवळ जुन्या प्रिंटांचा गठ्ठा सापडला. प्रत्येक फळीचं माप पेन्सिलीने खोडलेलं, शेजारी दोनने कमी आकडा. अक्षर मेस्त्रींचं. पहिल्या दिवसापासून, एक पान सुटलेलं नाही.
आठवलं. मेस्त्री मला तंबी, धाकटा भाऊ, म्हणायचे; पहिल्याच आठवड्यात वर येऊन विचारलं होतं, "तंबी, लॅमिनेटचं काय?" मी मान वर न करता, "सगळं फॉर्म्युल्यात आहे."
तेवढ्यात मालक तणतणत आले. "तीन महिने सगळं बरोबर, आणि म्हातारा गेल्यावर बिघडलं? त्यानंच काहीतरी करून ठेवलंय. पोलिसांत देतो त्याला." गठ्ठा माझ्या हातात. तो मी पाठीमागे धरला.

१४ जून, बुधवार
कारखान्याच्या व्हॅनमधून उतरून थेट मालकांसमोर गठ्ठा ठेवला. "चूक माझी आहे, सर." त्यांनी पानं उलटली, बराच वेळ. मग जे काही बोलले ते लिहीत नाही. शेवटी, "तूच सांगितलंस ना, गरज नाही म्हणून? मग तूच जा आणि त्याला घेऊन ये."
फॉर्म्युला दुरुस्त केला. लॅमिनेटचं एक व्हेरिएबल वाढवलं. अर्धं मिनिट लागलं. अर्धं मिनिट! मेस्त्रींनी तीन महिने हाताने खोडलं.

१८ जून, रविवार
मेस्त्रींच्या घरी गेलो. कारखान्यापासून दोन स्टॉप. लुंगी नेसून ओसरीवर खुर्चीचा पाय बसवत होते. त्यांच्या बायकोने कॉफी दिली. मी सगळं सांगितलं, लॅमिनेट, गठ्ठा, मालकांनी परत बोलावलंय. मेस्त्री हसले. "परवाइल्लै, तंबी." म्हणजे, असू दे.
"मला सांगितलं का नाहीत?"
"सांगितलं होतं. तू कामात होतास."
रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.
उद्या आठला येतो म्हणाले. बायको देवापाशी जाऊन आली, डोळे ओले. मी चप्पल घालत होतो, तेव्हा मेस्त्रींनी हळूच विचारलं, "मला काढा असं मुदलाळीला, मालकांना, कुणी सांगितलं, ठाऊक आहे तुला?"
"नाही."
इतकं झटकन आलं की माझा मलाच धक्का बसला. त्यांनी "बरं" म्हटलं आणि कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. माझी पिशवीही त्यांनीच धरली होती.
मालकांना ठाऊक आहे, आणि मालक काही पोटात ठेवत नाहीत. उद्या पहिली व्हॅन पकडून मेस्त्रींच्या आधी गेटवर पोचलो, आणि सगळ्यांत आधी मीच जर त्यांना सांगितलं, की ‘गरज नाही’ म्हणणारा मीच, तर निदान मालकांच्या तोंडून तरी कळणार नाही.