उजवीकडून उघडायचं पुस्तक

बाबा,

आईले घेऊन निघाली. आदिलाबादले उतरून नागपूरची बस धरतो. तुमाले उठवलं असतं, तर डॉक्टर काय म्हणाला ते तुमी विचारलं असतं, अन् मले सांगता आलं नसतं.

उशाशी जपानी चित्रकथा ठेवली हाये, मांगा म्हणतात तिले. पोरांचं पुस्तक म्हणून बाजूला टाकू नोका. इंग्रजीच्या बाजूला मी पेन्सिलीनं मराठी लिहिलं हाये. त्यातला म्हातारा आपल्या घरातलाच वाटते. बायको दवाखान्यात चालली, तर हा तिच्या चपलीचा अंगठा शिवत बसते. मी लय रडली.

ते उजवीकडून वाचा लागते, तुमच्या शाळेतल्या उर्दूच्या पुस्तकासारखं. तुमचा हात आपोआप तिकडूनच उघडन. आपल्या धाकट्या सुकेशनीनं मात्र डावीकडून वाचलं. तिची गोष्ट रिकाम्या घरापासून सुरू झाली, अन् शेवटच्या पानावर बाई दारात उभी. "ताई, ते बाई बरी होऊन घरी आली!" म्हणत काल आईच्या गळ्यात पडली.

तिले सांगू नोका. तुमी तेवढं वाचून घ्या.

तुमची विशाखा

आत्ता दारात पाह्यलं. आईच्या चपलीचा अंगठा शिवलेला हाये. तेच घालून ती बाहेर उभी हाये.